तेरा तारांचा साधक : मिचिओ मियागी

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या दिवंगत कलावंताचे चरित्र असावे असे ठरले आणि ते लिहिण्याची कामगिरी आमच्याकडे आली. अशा लेखास शोभतील अशा नावांची महाराष्ट्रात वाण नाही. तरीही आम्ही निवड केली ती एका जपानी वादकाची. हे नाव वाचून काही वाचकांच्या कपाळी आठी पडेल, याची आम्हास कल्पना आहे. म्हणून आरंभीच थोडा खुलासा करणे अगत्याचे वाटते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एके काळी बुलबुल तरंग होता. डाव्या हाताने कळा दाबावयाच्या, उजव्या हाताने तारा छेडावयाच्या आणि आरतीची चाल वाजवून पाहुण्यांकडून शाबासकी मिळवावयाची, हा मराठी मध्यमवर्गीय घरांतील जुना शिरस्ता. मुंबई-कोकणाकडे गणपतीच्या मिरवणुकीत जो ‘बेंजो’ कानठळ्या बसवतो, तोही याच वाद्याचा विजेवर पोसलेला धाकटा भाऊ. हे वाद्य मूळचे आपले नव्हे. नागोया शहरातील गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते तयार केले, त्यातील कळांची कल्पना टाइपरायटरवरून घेतली आणि त्यास ‘ताइशोगोतो’ असे नाव दिले. त्या नावातील शेवटचा ‘गोतो’ म्हणजेच ‘कोतो’, जपानचे तेरा तारांचे प्राचीन वाद्य. तेव्हा कोतोच्या घराण्याशी आपला संबंध अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. तो दूरच्या नात्यातला का होईना, आहे. शिवाय सेक्टर ३१ मधील जपानी उद्यान २०१४ मध्ये खुले झाल्यापासून आपण मुलाबाळांसह तेथे जातो, पाण्याकाठी बसतो आणि परत येतो. त्या पाण्याकाठी शोभेल असे संगीत ज्याने निर्माण केले, त्या मनुष्याची ओळख करून घेण्यास हरकत नसावी.

मिचिओचा जन्म ७ एप्रिल १८९४ रोजी कोबे या बंदराच्या शहरी झाला. घराण्याचे मूळ आडनाव सुगा. वडील चहाच्या व्यापारातील एका पेढीत नोकरीस होते आणि बिऱ्हाड परदेशी व्यापाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या वसाहतीत होते. जपानने आपली बंदरे परकीयांस उघडून तेव्हा उणीपुरी चाळीस वर्षेही झाली नव्हती. त्यामुळे या मुलाच्या कानावर घरातील जपानी सुरांबरोबर शेजारच्या पाश्चात्त्य संगीताचेही सूर पडत गेले. कानावर, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण जन्मानंतर थोड्याच महिन्यांत त्याच्या डोळ्यांना विकार जडला आणि आठव्या वर्षाच्या सुमारास दृष्टी कायमची गेली. आई लहानपणीच दुरावली होती. आजीने त्याला वाढविले.

दृष्टिहीन मुलाचे पुढे काय करावयाचे, या प्रश्नास त्या काळच्या जपानमध्ये एक ठरलेले उत्तर होते. कित्येक शतके कोतोवादनाची विद्या प्रामुख्याने अंध पुरुषांच्या हाती होती. त्यांचा स्वतंत्र संघ असे, त्यात श्रेणी असत आणि सर्वोच्च श्रेणीच्या वादकास ‘केंग्यो’ ही पदवी मिळे. सतराव्या शतकातील यात्सुहाशी केंग्यो हे त्या परंपरेतील सर्वांत मोठे नाव. १८७१ साली सरकारने हा संघ मोडीत काढला, परंतु विद्या व तिची शिस्त शिल्लक राहिली. १९०२ साली मिचिओ इकुता घराण्याच्या नाकाजिमा केंग्यो यांच्याकडे शिकू लागला आणि वयाच्या अकराव्या वर्षीच त्याने गुरूंकडून पूर्ण विद्येचा परवाना मिळविला.

येथे आपल्या वाचकांस कुरुंदवाडच्या एका मुलाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने डोळ्यांस इजा झाली, शाळा सुटली आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यास धाडण्यात आले, ते विष्णु दिगंबर पलुसकर. मिचिओ कोबेमध्ये कोतोचे पहिले पाठ घेण्याच्या आदल्याच वर्षी, ५ मे १९०१ रोजी, पंडितजींनी लाहोरास गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली होती. डोळ्यांवरच्या आघाताने संगीताकडे वळलेले आणि घरापासून फार लांब जाऊन आपली विद्या रुजविणारे हे दोन पुरुष एकमेकांस सर्वस्वी अपरिचित होते. पण पंजाबच्या भूमीवर राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांस या दोहोंचा विचार एकत्र सुचावा, हे स्वाभाविकच आहे.

मिचिओस घर सोडावे लागले ते मात्र ध्येयासाठी नव्हे, तर पोटासाठी. वडील व्यवसायानिमित्त कोरियात गेले होते. तेथे दरोडेखोरांच्या हल्ल्यात ते जखमी झाले आणि घरची मिळकत थांबली. १९०७ साली तेरा वर्षांचा हा अंध मुलगा समुद्र ओलांडून इंचोन बंदरी पोहोचला आणि कुटुंबाचा कर्ता झाला. दिवसा कोतोच्या शिकवण्या आणि रात्री शाकुहाचीच्या, असा त्याचा क्रम असे. शाकुहाची म्हणजे बांबूची उभी धरावयाची पाच छिद्रांची बासरी. शिकविण्याजोगे कोतोवर पुष्कळ होते. शाकुहाची ही घरखर्चाची जोड होती.

कोरियातील जपानी वस्ती ही राज्यकर्त्यांची वस्ती होती, हे येथे दृष्टिआड करून चालणार नाही. १९०५ साली कोरिया जपानच्या संरक्षणाखाली गेला आणि १९१० साली गिळंकृत झाला. साहेबाच्या राज्यात राहिलेल्यांच्या वंशजांस त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तेथील जपानचे रेसिडेंट जनरल इतो हिरोबुमी यांनी या मुलाचे वादन ऐकले, ते प्रभावित झाले आणि त्याच्या पुढील शिक्षणास साहाय्य करण्याचे त्यांनी मनावर घेतले. परंतु २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन येथे आन जुंग-गून या कोरियन देशभक्ताच्या गोळीस ते बळी पडले आणि मिचिओच्या शिक्षणाची गोष्ट तेथेच राहिली. एकाच गोळीचा आवाज दोन ठिकाणी किती वेगळा ऐकू जातो!

पण ज्या वर्षी हा आधार तुटला, त्याच वर्षी दुसरे काहीतरी घडून चुकले होते. धाकटा भाऊ शाळेचे पुस्तक मोठ्याने वाचीत असता त्यातील काही कविता मिचिओच्या कानी पडल्या. धुके, ढग, पाऊस, गारा, दव, दहिवर, हिम ही सारी एका पाण्याचीच रूपे, असा त्या कवितांचा विषय होता. त्यांवर त्याने आपली पहिली रचना बांधली. ‘मिझु नो हेन्ताइ’, म्हणजे पाण्याची रूपांतरे. वय अवघे चौदा. गुरू समुद्रापलीकडे, जवळ शिकलेल्या चिजा मोजक्या आणि त्याच पुनःपुन्हा वाजवावयाच्या, अशा स्थितीत त्याने नवे घडविले. कोबेमध्ये गुरूंच्या छायेत राहिला असता, तर ते इतक्या लवकर घडले असते असे आम्हास वाटत नाही. परंपरेच्या गावी चार वडीलधारी माणसे चूक दाखवावयास असतात. दूरदेशी आपला कान हाच आपला वडीलधारा.

कोरियातील मुक्काम पुढे सेऊल येथे झाला. तेथे १९१३ साली विवाह झाला आणि पत्नीच्या घराण्याचे मियागी हे आडनाव त्यांनी स्वीकारले. तेथेच शाकुहाचीवादक योशिदा सेइफू यांच्याशी स्नेह जडला, तो जन्मभराचा. १९१७ साली मियागी टोकियोस आले. येताना गाठीस फारसे काही नव्हते. आणि आल्यावर थोड्याच काळात पत्नी निवर्तली. पुढल्या वर्षी दुसरा विवाह झाला. १९१९ साली केवळ स्वतःच्या रचनांचा पहिला कार्यक्रम त्यांनी केला आणि १९२० मध्ये संगीतकार मोतोओरी नागायो यांच्यासह नव्या जपानी संगीताचा कार्यक्रम सादर केला. ‘नवे जपानी संगीत’ हेच पुढे त्या चळवळीचे नाव झाले.

ही चळवळ समजण्यासाठी वाद्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. कोतो म्हणजे किरी नावाच्या हलक्या लाकडाची, सुमारे सहा फूट लांबीची पोकळ वाद्यपेटी. तिच्यावर तेरा तारा ताणलेल्या असतात आणि प्रत्येक तारेखाली तिची स्वतंत्र घोडी असते. खुंटी पिळावयाची नसते; घोडी मागेपुढे सरकविली की स्वर बदलतो. वादक जमिनीवर बसतो, उजव्या हाताच्या अंगठ्यात व पुढल्या दोन बोटांत नख्या घालतो, आणि डाव्या हाताने घोडीपलीकडची तार दाबून स्वर चढवितो. सतारीची मींड ज्यांनी ऐकली आहे, त्यांस ही करामत चटकन उमगेल. स्वरांचीही ओळख पटण्यास वेळ लागत नाही. तेथील एका प्रमुख पंचस्वरी रचनेत षड्ज, कोमल ऋषभ, मध्यम, पंचम व कोमल धैवत हेच स्वर येतात. म्हणजे आपल्या गुणकलीचे स्वर! रागाची चलन-वलने तेथे नाहीत, हे खरे. तरी प्रथम ऐकताना मराठी कानास परकेपणाऐवजी पहाटेची आठवण होते, हा आमचा अनुभव आहे.

अशा वाद्यात खर्ज फारसा नाही, ही मियागींची खंत होती. पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकताना खालच्या सुरांचा जो भक्कम पाया जाणवे, तो कोतोच्या मेळात नव्हता. म्हणून १९२१ साली संगीतशास्त्रज्ञ तानाबे हिसाओ यांच्या साहाय्याने त्यांनी सतरा तारांचा मोठा कोतो करविला. जाड तारा, लांब पेटी, गंभीर नाद. हे वाद्य आजही जपानमध्ये सर्वत्र वाजते. १९२९ मध्ये त्यांनी ऐंशी तारांचाही कोतो केला. हा दुसरा प्रयोग आम्हास थोडा हौसेचाच वाटतो. तो रूढ झाला नाही आणि ते वाद्य पुढे युद्धातील आगीत नष्ट झाले.

जुन्या वळणाच्या वादकांस हे सारे रुचले असते तरच नवल. पाश्चात्त्य धाटणीचे तुकडे कोतोवर बसवून परंपरा बाटविली, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई. पण आक्षेपकांच्या ध्यानी एक गोष्ट येत नव्हती. मियागींनी कोतो सोडून पियानो धरला नाही. वाद्य, बैठक, नख्या, घोड्या सर्व तेच ठेवून त्यांनी त्या वाद्याचा शेजार बदलला. आपली पेटी आठवावी. परदेशातून ती आली, शास्त्रीय मैफलीत तिच्यावरून कोण गदारोळ उठला, आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दारही बंद केले. आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हाती तिच्यातून मराठीच बोल निघाले. परक्यास जवळ केल्याने आपले जाते की राहते, याचा निकाल वाद्यावरून लागत नाही, तो वाजविणाऱ्याच्या हातावरून लागतो.

मियागींच्या हाताची कसोटी १९३२ साली लागली. तिची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

जपानच्या राजवाड्यात नववर्षारंभी काव्यसभा भरते आणि तिचा विषय आगाऊ जाहीर होतो. १९३० साठी समुद्रकाठचा खडक हा विषय होता. तो निमित्त करून १९२९ च्या अखेरीस मियागींनी कोतो व शाकुहाची यांच्यासाठी एक रचना केली. ‘हारु नो उमि’, म्हणजे वसंतातला समुद्र. डोळ्यांनी समुद्र पाहिल्याची आठवण किती असणार? पण सेतोच्या अंतर्गत समुद्रातून केलेल्या प्रवासात कानांनी टिपलेले सर्व त्यात आहे. आरंभी संथ लाटा आणि पक्ष्यांचे ओरडणे, मध्ये वल्ही मारल्याची लगबग, शेवटी पुन्हा तीच संथ लय. अशी ही सहासात मिनिटांची चीज. पहिल्या वादनात शाकुहाचीवर योशिदा सेइफू होते. तेव्हा तिचा फारसा गाजावाजा झाला नाही.

१९३२ मध्ये रने शेमे ही फ्रेंच व्हायोलिनवादिका कार्यक्रमांसाठी जपानला आली. युरोप-अमेरिकेत तिचे नाव झालेले होते. तिने मियागींचे वादन ऐकले, अनेक रचनांतून ‘हारु नो उमि’ तिच्या मनात भरली आणि शाकुहाचीचा भाग आपण व्हायोलिनवर वाजवावा, असे तिने ठरविले. एका रात्रीत तिने तो भाग आपल्या वाद्यासाठी उतरवून काढला. कोतोचा भाग जसाच्या तसा राहिला.

यातील अवघडपणा ध्यानी घ्यावा. शाकुहाचीचा स्वर फुंकेतून जन्मतो; मान थोडी खाली-वर केली की तो झुकतो, त्यात वाऱ्याची खरखर असते. व्हायोलिनचा स्वर गजातून येतो, तो सलग व तुकतुकीत. कोतोचा स्वर छेडला की लगेच विरू लागतो. ज्याचा स्वर विरतो त्याने गती सांभाळावयाची आणि ज्याचा स्वर टिकतो त्याने वाट पाहावयाची, असा हा संसार. वादक पाहावे तर एकास दृष्टी नाही आणि दोघांस परस्परांची भाषा नाही. नजरेची खूण नाही, शब्दाचा इशारा नाही. उरतो तो केवळ श्वास आणि सूर. आपल्याकडे तबला-सतारीची जुगलबंदी रंगते ती बहुधा नजरानजरेवर. येथे तीही सोय नव्हती.

टोकियोच्या हिबिया सभागृहात ही जोडी रंगमंचावर आली आणि श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली. दोघांच्या वादनाची ध्वनिमुद्रिका निघाली. ती जपानप्रमाणेच अमेरिकेत व फ्रान्समध्येही विकली गेली. मायदेशी जी रचना दोन वर्षे सामान्य मानली गेली होती, ती परदेशी पाहुणीच्या गजावरून फिरून घरी आली तेव्हा तिचे मोल कळले. हे वाचून हसू येते आणि थोडा विषादही वाटतो. आपल्याकडे तरी वेगळे काय घडत आले आहे?

पुढील आयुष्य मानसन्मानाचे होते. ते थोडक्यात सांगून पुढे जाऊ. १९३० पासून टोकियो संगीत विद्यालयात अध्यापन आणि १९३७ मध्ये तेथेच प्राध्यापकपद. युद्धात टोकियोतील घर जळाले. १९४८ मध्ये कला अकादमीचे सभासदत्व मिळाले. ब्रेल लिपीत ते स्वरलेखन करीत आणि रचनांची संख्या चारशेवर गेली. याहून आम्हास अधिक कुतूहल वाटते ते त्यांच्या लेखनाचे. लेखक उचिदा ह्याक्केन हे त्यांच्याकडे कोतो शिकत; शिष्य कसला, जिवलग मित्रच. त्यांच्या प्रोत्साहनाने मियागी ललित निबंध लिहू लागले आणि १९३५ मध्ये पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. पावसाचा नाद, पावलांवरून ओळखलेली माणसे, आवाजावरून जाणलेला स्वभाव, असे त्या निबंधांचे विश्व.

१९५३ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मियागी प्रथमच युरोपास गेले. फ्रान्समधील बियारित्झ व स्पेनमधील पाम्प्लोना येथे लोकसंगीत व नृत्याचे आंतरराष्ट्रीय संमेलन होते आणि त्यात त्यांनी जपानचे प्रतिनिधित्व केले. लंडनलाही त्यांचा मुक्काम झाला. इतर प्रवासी त्या शहरातील घंटाघर व राजवाडा पाहून येतात. यांनी आणली ती ‘लंडनच्या रात्रीचा पाऊस’ ही रचना. इंचोनमध्ये चौदाव्या वर्षी ज्या पाण्याची रूपे बांधली, तेच पाणी साठीच्या उंबरठ्यावर परक्या शहरातील खिडकीबाहेर पडत होते.

२४ जून १९५६ च्या रात्री ते ओसाकाच्या कार्यक्रमासाठी ‘गिंगा’ या जलद गाडीने टोकियोहून निघाले. २५ जूनच्या पहाटे, कारिया स्थानकाजवळ, ते धावत्या गाडीतून खाली पडले. कसे पडले, हे कोणी पाहिले नाही. रुग्णालयात नेल्यावर त्याच सकाळी त्यांचे निधन झाले. वय बासष्ट. उचिदा ह्याक्केन यांनी पुढे त्या स्थानकाचेच नाव देऊन मित्रावर लेख लिहिला. कारिया येथे रुळांलगत त्यांचे स्मारक उभे आहे, आणि टोकियोच्या कागुराझाका भागात, त्यांच्या राहत्या जागी, १९७८ मध्ये संग्रहालय उघडले. अंगणातील त्यांची लहानशी अभ्यासिका तेथे जपून ठेवली आहे.

जपानमध्ये १ जानेवारीस दुकानांतून, आकाशवाणीवरून, घराघरांतून ‘हारु नो उमि’ ऐकू येते. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे सनई लागावी, तशी. कोठे ती शाकुहाचीवर असते, कोठे व्हायोलिनवर. १९३२ ची ती जुनी ध्वनिमुद्रिका आता कोणासही घरबसल्या ऐकता येते. तबकडीची खरखर प्रथम ऐकू येते. मग कोतोच्या लाटा सुरू होतात, आणि थोड्या वेळाने, त्यांना जराही धक्का न लावता, व्हायोलिन त्यांत उतरते.